बाबांच्या पट्ट्यातली चकती

गुण्या हे काही मुलीचं नाव नव्हे, सुताराच्या हत्याराचं नाव. दोन लाकडं एकमेकांना काटकोनात बसली की नाही, हे बघायचा जो काटकोन असतो ना, तो गुण्या. पण बाबांच्या लेकीला लहानपणापासून वाकडं काही म्हणजे काही खपत नसे. भिंतीवरची तसबीर अर्धा बोट कलली असली तरी तिला घास गिळवत नसे. म्हणून बाबांनी तिला हे नाव ठेवलं, आणि ते असं चिकटलं की शाळेतल्या मैत्रिणीसुद्धा तिचं खरं नाव विसरून गेल्या.

त्या वर्षी गुण्याला वाचा फुटली. म्हणजे बोलता तिला आधीही यायचं. पण चारचौघांत उभं राहायचं म्हटलं की जीभ टाळ्याला चिकटायची आणि कान लालभडक व्हायचे. मग शाळेच्या वादविवाद स्पर्धेत ऐनवेळी एक मुलगी तापानं फणफणली, बाईंनी गुण्याला मंचावर ढकललं, आणि काय झालं कोण जाणे, ती जी सुटली ती घंटा वाजली तरी थांबेना. पहिलं बक्षीस! त्या दिवसापासून तिच्या तोंडाला कुलूप उरलं नाही. दात घासताना बोलायची, बूट घालताना बोलायची, घास तोंडात असताना तर हमखास बोलायची.

"चौदा वर्षांचं साठलंय, आता एकदम बाहेर येतंय," आई म्हणायची. आई पोस्टात खिडकीवर बसायची. दिवसभर शंभर लोकांची गाऱ्हाणी ऐकून घरी आलं की तिला मेलं कुणी एक अक्षर बोलू नये असं वाटायचं. मग गुण्याचं ऐकायला उरायचे बाबा.

बाबांचं वर्कशॉप घराच्या मागेच होतं. पत्र्याची शेड, भिंतीला उभ्या केलेल्या फळ्या, जिथे तिथे भुसा, आणि मधोमध गोल करवतीचं मशीन. आईचा एकच कायदा होता: मशीन चालू असताना गुण्यानं शेडमध्ये पाऊल टाकायचं नाही. पण बाबांच्या हाताखालचा माणूस काम सोडून गेला होता, आई पाचपर्यंत पोस्टात असायची, आणि शाळा दुपारीच सुटायची. कायदा मोडायला याहून जास्त काय लागतं?

"तू पलीकडे उभी राहा," बाबांनी शिकवलं. "फळी नुसती तोलून धरायची, ओढायची नाही. आणि पात्याच्या मागे चीर दिसली की तिच्यात ही पाचर बसवायची. विसरलीस तर चिरलेले दोन्ही भाग आत झुकतात, पात्याला चिमटा बसतो, आणि मग पातं चिडतं."

"चिडलं की काय करतं?"

"फळी घेतं आणि माझ्या अंगावर फेकतं. तुझी आई लाटणं फेकते तसं."

"आईनं कधी लाटणं फेकलंय?"

"अजून नाही. पण नेम चांगला असणार."

गुण्या दहा दिवस ते काम चोख करत होती. अकराव्या दिवशी, मंगळवारी, ती बाबांना चष्म्याची गोष्ट सांगायला लागली. स्पर्धेतलं बाकी सगळं तिचं घरभर सांगून झालं होतं, पण ही गोष्ट तिनं मुद्दाम राखून ठेवली होती, एकट्या बाबांसाठी. मशीन घरघरत होतं, म्हणून ती ओरडून ओरडून सांगत होती.

"...आणि मग निकाल वाचायला परीक्षक सर उठले! खिसे चाचपले, टेबलाखाली बघितलं, शेजारच्या बाईंच्या पर्समध्येसुद्धा डोकावले! चष्मा गायब! आणि बाबा, चष्मा कुठे होता माहितीये?"

कुठे होता ते दाखवायला गुण्यानं दोन्ही हात वर केले. पाचर तिच्या खिशात होती.

धाड असा आवाज झाला. समोर बाबा होते, ते दिसेनासे झाले. फळी मागच्या भिंतीवर आपटून पडली होती आणि बाबा भुशात बसले होते, तोंड उघडं, श्वास येत नव्हता. मग आला. त्यांनी पहिल्यांदा हात वर करून बटण बंद केलं, आणि मग म्हणाले, "फळीत गाठ होती."

फळीत गाठ नव्हती. गुण्याला न दिसणारी गाठ अजून कुठल्या झाडाला आलेली नव्हती. तिनं खिशातली पाचर आणखी आत ढकलली.

बाबांनी सदरा वर केला. डाव्या बाजूला, बरगड्यांच्या खाली, फळीच्या टोकाचा चौकोनी लाल ठसा होता. रक्ताचा थेंब नाही, कातडीला ओरखडा नाही.

"मुका मार," बाबा म्हणाले. "शेक घेतला की जाईल. आईला सांगायचं नाही हं. सांगितलंस तर तुझं शेडमध्ये येणं बंद, आणि माझं घरात."

गुण्यानं मान डोलावली. खरं सांगायचं तर तिला भीतीपेक्षा अभिमानच जास्त वाटला. बाबांचं गुपित! तिच्याकडे! ज्या मुलीच्या पोटात तीळ भिजत नाही असं सगळे म्हणतात, तिच्या पोटात हे राहणार होतं. बाबा तिला पाठीशी घालत होते, हे तिला कळत नव्हतं असं नाही. पण कळलेलं सगळंच माणूस उघडून बघत नाही.

चौथ्या दिवशी त्या जागी फुगवटा आला. उभं राहिलं की लिंबाएवढा, फळी उचलली की मुठीएवढा. आडवं झालं की गायब.

"बघ, आपला आपण जागेवर बसतोय," बाबा म्हणाले. "म्हणजे काही नाही. सांधा जरा सैल झालाय. सैल सांध्याला आपण काय करतो?"

"क्लॅम्प लावतो!"

"हुशार आहे माझी पोर."

दुसऱ्या कुणाच्या घरी अशा वेळी लोक डॉक्टरकडे गेले असते. या दोघांनी मापं घेतली. बाबांनी जाड कॅनव्हासचा पट्टा शोधून काढला, आणि फुगवट्यावर दाबून बसेल अशी लाकडी चकती करायचं काम गुण्याला दिलं. तिनं तळहाताएवढा गोल कापला, कानशीनं कडा मोडल्या, मधला भाग जरासा फुगीर ठेवला, पट्टा ओवायला दोन खाचा पाडल्या. मग पॉलिशपेपर: आधी खरबरीत, मग मध्यम, मग इतका बारीक की हाताला कागदच वाटेना. चार वेळा बाबांच्या कुशीला लावून बघितली, चार वेळा परत घासली. शेवटी मेण चोळलं. चकती अशी झाली की गालाला लावत बसावं.

बाबांनी ती उजेडात फिरवून फिरवून बघितली. "तुझं हे पहिलं काम, ज्यात मला खोट सापडत नाही."

गुण्याचे पाय त्या संध्याकाळी जमिनीला लागले नाहीत.

पट्टा कामाला आला. निदान तसं वाटलं. बाबा शर्टाच्या आत पट्टा बांधून पुन्हा फळ्या चिरायला लागले. पहिल्या आठवड्यात पट्टा तिसऱ्या भोकात बसायचा, दुसऱ्यात चौथ्या, मग पाचव्या. जेवण कमी झालं. आई म्हणाली, "हल्ली फार ताठ चालता. आणि जेवता पाखरासारखं. या वयात कुणाला दाखवायला बारीक होताय?"

"तुलाच," बाबा म्हणाले.

आई हसली. गुण्याही हसली, आणि ताटाकडे बघत राहिली. झोपायच्या आधी बाबा शेडमध्ये जाऊन पट्टा काढून ठेवत आणि सकाळी तिथेच बांधत, हे फक्त तिला माहीत होतं. एकदा ती म्हणाली होती, "बाबा, डॉक्टरांना दाखवूया का?" बाबा म्हणाले, "या आठवड्याचं काम होऊ दे." तिनं पुन्हा विचारलं नाही. वादविवादात पहिली आलेली मुलगी. पण या एका बाबतीत एका वाक्यात हरली.

तिसऱ्या रविवारी सकाळी बाबा आडवे झाले तरी फुगवटा आत गेला नाही. त्यांनी त्यावर चकती ठेवली आणि पट्टा सहाव्या भोकात ओढला. दुपारपर्यंत त्यांना दोनदा उलटी झाली, चेहरा भुशासारखा पिवळा पडला, आणि आईनं शेजाऱ्यांची गाडी बोलावली. आई दाराला कुलूप लावत होती तेवढ्यात बाबांनी शर्टाखालून पट्टा सोडवला आणि गुण्याच्या दप्तरात कोंबला.

"ठेव," एवढंच म्हणाले.

तपासणीच्या खोलीत एक तरुण डॉक्टर होता. त्याच्यामागे अजून सहा जण कण्हत पडले होते. त्यानं बाबांचं पोट चाचपलं. "ही गाठ कधीपासून आहे?"

"जुनी आहे. बरीच वर्षं."

"जुनी?" आई म्हणाली. "मला कशी माहीत नाही?"

"मार वगैरे लागला होता का?"

बाबांनी गुण्याकडे बघितलं. तिनं खाली बघितलं. घंटा वाजली तरी न थांबणारी मुलगी! तिच्या तोंडून एक अक्षर फुटलं नाही.

"नाही," बाबा म्हणाले.

डॉक्टरनं लिहून घेतलं, सुई टोचली, रक्त घेतलं, आणि स्कॅनसाठी रांगेत लावलं. जुनी गाठ, मार नाही. पुढे तीन जण होते. दोन तास गेले. गुण्या दप्तर मांडीवर घेऊन बसली होती आणि चकतीची कड तिला कापडातून लागत होती. स्वतः घासलेली, गुळगुळीत कड.

मग सर्जनबाई आल्या. लहानखुऱ्या, केस घट्ट बांधलेले, आवाज मात्र खणखणीत. त्यांनी बाबांच्या अंगावरची चादर बाजूला केली आणि गाठीला हातही न लावता थांबल्या. फुगवट्याभोवती कातडीवर एक जांभळं वर्तुळ होतं. कंपासनं काढावं तसं.

"हे कशाचं?"

"पट्ट्याचं," बाबा पुटपुटले.

"पट्टा गोल नसतो हो. आणि बरगडीखालची ही जागा जुन्या हर्नियाची नाही." त्या आईकडे वळल्या. "यांना इथे काय लागलं होतं? मला खरं कळलं नाही तर मी चुकीच्या दारानं आत जाईन."

गुण्यानं दप्तर उघडलं. पट्टा काढला आणि त्यांच्या हातात दिला. "मशीननं फळी फेकली होती," ती म्हणाली. "एकोणीस दिवस झाले."

आईनं तिच्याकडे बघितलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

सर्जनबाईंनी चकती उलटसुलट करून बघितली, कडेवरून अंगठा फिरवला. "कोणी केली?"

"मी."

"काम सुबक आहे," त्या म्हणाल्या. टोमणा नव्हता तो. तसंच वाटलं म्हणून म्हणाल्या. पण बक्षिसाच्या टाळ्या ज्या मुलीच्या कानात महिनाभर वाजत होत्या, तिला ते तीन शब्द कानाखाली बसल्यासारखे लागले.

"तुमचं सुतारकाम ना?" सर्जनबाई बाबांशी बोलायला लागल्या, हात मात्र भराभर काम करत होते. "मग प्लायवूड कसं असतं ते मी तुम्हाला काय सांगणार? पोटाच्या भिंतीचंही तसंच. इथे स्नायूंचे तीन थर, प्रत्येकाची रेषा वेगळ्या दिशेला. म्हणून ती मजबूत. तुमच्या फळीनं वरचा सनमायका शाबूत ठेवला आणि आतले तिन्ही थर फोडले. कातडीला काही नाही, म्हणून तुम्हाला वाटलं मुका मार. असं फार क्वचित होतं. माझ्या हाताखालून गेलेले तुम्ही तिसरे. त्या भोकातून आतडं बाहेर येत होतं."

"आडवं झालं की जात होतं ना आत," बाबा म्हणाले.

"जात होतं तोपर्यंत नशीब. आज ते बाहेर अडकलं, आणि वरून तुम्ही झाकण दाबून ठेवलंत."

बाबांना आत नेलं. दाराबाहेर लाकडी बाक होता, त्याचा एक पाय आखूड होता. एरवी गुण्यानं कागदाची घडी करून तो केव्हाच सरळ केला असता. आज मायलेकी त्या डुगडुगणाऱ्या बाकावर बसून राहिल्या.

"फळीत गाठ होती म्हणतील ते," गुण्या म्हणाली. "नव्हती. पाचर माझ्या खिशात होती. मी हात सोडले."

"का?"

"गोष्ट सांगत होते."

"एवढी कसली गोष्ट?"

मग गुण्यानं ती सांगितली. सर खिसे चाचपतात, टेबलाखाली बघतात, पर्समध्ये डोकावतात, आणि चष्मा असतो गुण्याच्याच हातात. भाषणाच्या भरात तिनं तो टेबलावरून कधी उचलला तिलाच कळलं नव्हतं, आणि अख्खं भाषण ती सरांचाच चष्मा सरांच्याच नाकासमोर नाचवत होती. "हे बघा पुरावे, डोळे उघडून बघा!" असं म्हणत.

आई हसली नाही. तिची नजर समोरच्या दारावर होती.

"पाचर राहून जाते माणसाच्या हातून," ती म्हणाली. "त्याचं मी काही म्हणत नाही. पण एकोणीस दिवस, गुण्या. मी त्यांना विचारलं कुणासाठी बारीक होताय, आणि तू हसलीस." थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "आणि मी तरी काय केलं? एका ताटाच्या अंतरावर माणूस बसला होता. लोकांच्या पाकिटात काय आहे ते मला हातात घेतल्यावर कळतं. घरातल्या माणसाच्या शर्टाखाली काय आहे ते कळलं नाही."

गुण्याला रडायचं होतं, पण रडली तर आई तिला जवळ घेईल, आणि जवळ घ्यावं असं तिनं काही केलं नव्हतं. म्हणून ती बसून राहिली.

साडेतीन तासांनी सर्जनबाई बाहेर आल्या. टोपीची खूण कपाळावर उमटली होती.

"जीव वाचला," त्या आधी म्हणाल्या, आणि मग बसल्या. "वीतभर आतडं काळं पडलं होतं. ते कापून टाकलं, दोन्ही टोकं जोडली. ते भरून येईल. प्रश्न भिंतीचा आहे. एवढ्या भोकाला खरं तर जाळी बसवायची, बारीक विणीची. पण आत सडकं आतडं असताना जाळी बसवली तर तिच्यात जंतू घर करतात. म्हणून मी थर नुसते शिवलेत. कडा आक्रसल्या होत्या, ओढून आणाव्या लागल्या. शिवण कदाचित उसवेल. मग सहा-आठ महिन्यांनी पुन्हा उघडायचं, आणि तेव्हा जाळी."

"पहिल्या आठवड्यात आणलं असतं तर?" आईनं विचारलं.

सर्जनबाईंनी गुण्याकडे बघितलं, आणि खोटं बोलायचं नाही असं ठरवल्यासारख्या म्हणाल्या, "आतडं धडधाकट असतं. एकदाच उघडलं असतं आणि एकदाच बंद केलं असतं."

"आणि फळ्या?" गुण्यानं विचारलं. "त्यांना फळ्या उचलता येतील?"

"जाळी बसेपर्यंत पाण्याची बादलीसुद्धा नाही. त्यानंतर छोटी कामं करतील. मोठ्या फळ्या..." त्यांनी मान हलवली. "त्या मशीनवर ते पुन्हा उभे राहतील असं मी तुम्हाला सांगणार नाही."

जाताना त्यांनी पट्टा आणि चकती एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून परत दिली. वर बाबांच्या नावाची चिठ्ठी होती.

चौथ्या दिवशी बाबांना जरा बसवलं. सिस्टरनं त्यांच्या पोटावर एक उशी ठेवली आणि बजावलं, "खोकला, शिंक, हसू. तिन्हींच्या आधी उशी दाबून धरायची. शिवण उसवली तर बाई तुम्हाला नाही, मला ओरडतील."

"हसू कुठून येणार सिस्टर, इथली पेज खाऊन," बाबा म्हणाले, आणि स्वतःच्याच विनोदाला घाबरून त्यांनी उशी घट्ट धरली.

सिस्टर गेली. आई खिडकीशी बसून लिंबू पिळत होती. गुण्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होती, हात मागे. चार दिवसांत ती फार बोललेली नव्हती. बाबांनी ते बघितलं होतं. बाबा लाकूड आणि लेक दोन्ही वाजवून बघणारे.

"फळीत गाठ होती गं," ते म्हणाले.

"नव्हती, बाबा. मी आईला सांगितलंय."

बाबांनी आईकडे बघितलं. मग म्हणाले, "बरं. नव्हती." आणि मग, जणू काही मधले दिवस कुणी रंध्यानं तासून काढले होते, "ती गोष्ट अर्धीच राहिली बघ त्या दिवशी. मी इथे पडल्या पडल्या विचार करत होतो. चष्मा कुठे होता?"

उशी त्यांनी आधीच छातीपासून पोटापर्यंत सरकवून दोन्ही हातांनी दाबून धरली होती. डोळे चमकत होते. लेक काहीतरी भन्नाट सांगणार, हे त्यांना ठाऊक होतं. तीन आठवडे त्यांनी ते ऐकायचं राखून ठेवलं होतं.

गुण्यानं त्या उशीकडे बघितलं. उशीखाली पांढरी पट्टी, पट्टीखाली टाके, टाक्यांखाली ओढून आणलेल्या कडा. बाबा हसले म्हणजे पोट धरून हसतात. आधी आवाजच येत नाही, नुसते हलतात, आणि मग फुटतात.

"टेबलावरच होता," ती म्हणाली. "वहीखाली."

"बस?"

"बस."

"एवढंच?" बाबांचे हात उशीवर सैल झाले. "मला वाटलं, काहीतरी मोठं असणार. एवढी ओरडत होतीस ती." ते उशीच्या कडेवरचा दोरा ओढत राहिले. "वहीखाली. असू दे."

खिडकीशी आईचा हात थांबला होता. तिनं गुण्याकडे बघितलं. ती उठली, बाबांना सरबत दिलं, आणि सरकलेली उशी पुन्हा नीट जागेवर बसवली.